वर नेणारा जिना

आमच्या ऑफिसात दिवसातून चारदा तरी ‘एस्कलेट’ हे क्रियापद कानावर पडतं. तिकीट दोन दिवस पडून आहे? एस्कलेट कर. समोरची टीम मेलला उत्तर देत नाही? एस्कलेट कर. म्हणजे त्यांच्या मॅनेजरला सीसीत घे आणि स्वस्थ बस.

या शब्दाची गोष्ट मजेशीर आहे. इथे आधी यंत्र आलं, मग क्रियापद. चार्ल्स सीबर्गर या अमेरिकन माणसानं लॅटिन ‘स्काला’, म्हणजे शिडी, यावरून ‘एस्कलेटर’ हे नाव घडवलं. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात ओटिस कंपनीनं तो जिना मांडला, तेव्हा ते नाव ट्रेडमार्क होतं. पुढे ते इतकं लोकांच्या तोंडी बसलं, की १९५० साली अमेरिकेत कंपनीचा त्यावरचा हक्कच गेला. दरम्यान, १९२०च्या दशकात ‘एस्कलेटर’चं शेपूट कापून ‘एस्कलेट’ तयार झालं होतं. अर्थ साधा : सरकत्या जिन्यानं वर जाणं. पन्नाशीच्या दशकाअखेर अणुयुद्धाच्या भीतीत त्याला दुसरा अर्थ चिकटला. छोटी चकमक टप्प्याटप्प्यानं चिघळत जाणं. तिथून ते कधीतरी आमच्या इनबॉक्समध्ये येऊन पडलं.

सरकत्या जिन्यावर पाय हलवावे लागत नाहीत. ऑफिसांना तेच आवडलं असावं. मराठीत ‘चहाडी केली’ म्हटलं की करणारा उघडा पडतो. ‘दाद मागितली’ म्हटलं की अन्याय झाला असेल, एवढं तरी मान्य करावं लागतं. ‘एस्कलेट’मध्ये दोन्ही खपून जातं.

आमच्याकडे कंत्राटावर एक टेस्टर होती. सहा आठवडे रात्री जागून काम केलं, त्या तासांचे पैसे मिळाले नाहीत. मॅनेजरला तीनदा विचारून झाल्यावर तिनं एचआरला लिहिलं. रिव्ह्यूत शेरा आला, ‘उठसूट एस्कलेट करते’. त्याच मॅनेजरनं तिच्या एका उशिराबद्दल थेट डायरेक्टरला मेल टाकला होता. ती म्हणे प्रोसेस!

‘उठसूट दाद मागते’ असं लिहिताना त्याचा हात जरा तरी अडखळला असता.

तिचं कंत्राट वाढलं नाही. पैसेही आलेले नाहीत. परवा तिनं फोन करून विचारलं, “अरे, कामगार आयुक्तांकडे अर्ज मराठीत चालतो ना?”

“चालतो की,” म्हटलं. मसुदा आम्ही दोघं मिळून लिहितोय.