ती टीम आणि ही टीम

मोहम्मडन स्पोर्टिंग हे नाव आम्ही शाळेत जाण्याआधीपासून ऐकत आलो. क्लब कोलकात्याचा, आमचे गाव कोकणातले. घरातल्या कोणीही आजपर्यंत कोलकाता पाहिलेले नाही. तरीही क्लब हरला की आमच्या घरात चहाला कोणी हात लावत नसे, असे अब्बा सांगतात.

ओळख झाली ती आमच्या मरहूम दादांमुळे. १९४० साली दादा अठरा वर्षांचे होते आणि मुंबईच्या गोदीत नुकतेच कामाला लागले होते. त्या वर्षी हा संघ रोव्हर्स कप खेळायला मुंबईत आला आणि कप घेऊन गेला. दादांनी त्यातला एकच सामना पाहिला, तोही गर्दीत टाचा उंचावून. पण त्या एका सामन्याची हकीगत त्यांनी पुढे साठ वर्षे सांगितली. अब्बाही पुढे मुंबईत नोकरीला होते. १९८४ आणि १९८७ साली क्लबने पुन्हा रोव्हर्स कप जिंकला, तेव्हाच्या आठवणी त्यांच्या. आमच्या वाट्याला मात्र रेडिओ, वर्तमानपत्राचे शेवटचे पान आणि या दोघांचे बोलणे एवढेच आले.

सप्टेंबर २०२४ मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंग पहिल्यांदाच इंडियन सुपर लीगमध्ये उतरला. आमचा मुलगा नववीत. त्याने मोबाइल उशीला टेकवून अब्बांच्या पलंगासमोर ठेवला. काळे-पांढरे शर्ट मैदानात आले तसे अब्बा उठून बसले. पडद्यावर नावे येऊ लागली. कोणी मिझोरामचा, कोणी अर्जेंटिनाचा, कोणी उझबेकिस्तानचा. अब्बांनी थोडा वेळ पाहिले, मग चष्मा काढून ठेवला.

"यात आपलं कोण आहे?" ते म्हणाले. "ती टीम वेगळी होती."

मुलगा म्हणाला, "दादाजान, ती टीम तुम्ही तरी कुठे पाहिलीय?"

आम्ही मुलाला गप्प केले. पण प्रश्न चुकीचा नव्हता, आणि पुढचे काही महिने तो आमच्या डोक्यातून गेला नाही.

'ती टीम' म्हणजे कोणती, हे आधी सांगायला हवे. क्लबची स्थापना १८९१ ची. कोलकात्याच्या फुटबॉल लीगच्या पहिल्या विभागात तो १९३४ साली चढला आणि त्याच वर्षी लीग जिंकला. ही लीग १८९८ पासून चालू होती. एवढ्या वर्षांत एकाही भारतीय संघाला ती जिंकता आली नव्हती. कप कधी गोऱ्या पलटणींकडे, तर कधी गोऱ्या साहेबांच्या क्लबकडे जाई. मोहम्मडनने तो १९३४ मध्ये घेतला आणि १९३८ पर्यंत सलग पाच वर्षे सोडला नाही. १९३६ साली लीगबरोबर आयएफए शील्डही आली. १९४० साली दिल्लीत ड्युरँड कपच्या अंतिम सामन्यात रॉयल वॉरविकशर रेजिमेंटला २-१ ने हरवून, ड्युरँड जिंकणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. जुम्मा खान, हाफिज रशीद, समद ही नावे आमच्या घरात नातेवाइकांसारखी घेतली जात. याच संघातला मोहम्मद सलीम १९३६ साली ग्लासगोला जाऊन सेल्टिकच्या राखीव संघातून पायाला नुसत्या पट्ट्या बांधून खेळला. दादा ही गोष्ट सांगताना स्वतःचे पाय पुढे करून दाखवत.

आता 'ही टीम'. २०२४-२५ च्या त्या पहिल्या मोसमात २४ सामने, फक्त २ विजय, आणि तेरा संघांत तेरावा क्रमांक. अब्बांचा निकाल तयारच होता. आम्हीही मनातून त्यांच्याच बाजूचे होतो, हे कबूल करायला हवे. त्याचे कारण आमच्या शाळेत घडून गेले होते.

आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो. खेळाच्या शिक्षकांची जागा रिकामी असल्यामुळे मुलांची फुटबॉल टीमही आमच्याकडे आहे. ऑगस्टमध्ये तालुक्याच्या स्पर्धेत आमची मुले ६-० ने हरली. पाऊस कोसळत होता, मैदानात चिखल. परत येताना टेम्पोत सगळी मान खाली घालून बसली होती. आणि आम्ही, एवढी वर्षे शिकवत असूनही, बोलून गेलो, "२०११ च्या बॅचने जिल्हा गाठला होता. तुम्हाला तालुका जमत नाही."

शिक्षकांना या वाक्याची सवयच असते. दर वर्षी स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणतो, मागची बॅच चांगली होती. गंमत अशी की मागच्या बॅचबद्दलही मागच्या वर्षी हेच म्हटले होते.

टेम्पोत कोणी उत्तर दिले नाही. आमचा गोलकीपर, दहावीतला मुलगा, दुसऱ्या दिवसापासून सरावाला आला नाही. चार दिवसांनी आम्ही त्याला व्हरांड्यात अडवले. तो खाली बघत म्हणाला, "सर, त्या पोरांना बूट होते."

आम्ही काय बोलणार? खरे होते ते. २०११ साली शाळेचा एक माजी विद्यार्थी सौदीला होता. त्याने पूर्ण टीमसाठी बुटांचे पैसे पाठवले होते. मोहल्ल्यातल्या दोन-तीन बुजुर्गांनी सरावानंतर मुलांना केळी आणि अंडी मिळतील अशी सोय केली होती. तेव्हा शाळेत खेळाचे शिक्षकही होते. त्या बॅचचा पराक्रम आम्ही तोंडाने जपला, आणि तो ज्यामुळे शक्य झाला ते सगळे एकेक करून सुटू दिले. या मुलांपैकी काही प्लास्टिकच्या सँडलवर खेळत होती, काही अनवाणी. चिखलात त्यांचे पाय ठरत नव्हते. गोलकीपर तर संध्याकाळी बेकरीत कामाला जात होता आणि सरावासाठी मालकाची बोलणी खात होता. आम्ही त्याला विचारलेच नव्हते.

त्या रात्री आम्हाला दादांची एक गोष्ट आठवली. लहानपणी ती फार रुक्ष वाटायची. ते म्हणत, "खेळणारे तर सगळीकडे होते. मोहम्मडनवाल्यांनी डोकं चालवलं." त्याचा अर्थ आम्हाला आता, चाळिशी उलटल्यावर लागला.

कोलकात्याची लीग ऐन पावसाळ्यात चाले. आपले खेळाडू तेव्हा बहुतेक अनवाणी खेळत. मोहन बागानने १९११ साली ईस्ट यॉर्कशर रेजिमेंटला हरवून शील्ड जिंकली, तेव्हाही जवळजवळ सगळे अनवाणीच होते. कोरड्या मैदानावर ते भारी पडत. पाऊस सुरू झाला की बूट घातलेल्या गोऱ्यांपुढे घसरत. मोहम्मडनच्या कारभाऱ्यांनी ओल्या मैदानासाठी आपल्या मुलांच्या पायात बूट घातले. दुसरी गोष्ट, त्यांनी गल्लीपुरते पाहिले नाही. बंगलोरपासून पेशावरपर्यंत जिथे चांगला खेळाडू दिसला तिथून तो आणला. त्याची राहण्याची, पोटापाण्याची व्यवस्था लावली आणि त्याच्याकडून कसून सराव करून घेतला.

म्हणजे 'ती टीम' नुसत्या अकरा जणांची नव्हती. अकरांच्या मागे उभे राहून बूट, भाकरी आणि शिस्त पुरवणारी माणसेही त्याच टीमची होती. त्यांची नावे आमच्या घरात कोणी घेतली नाहीत. आठवण राहते ती गोल करणाऱ्याची.

तुलना करायची तर आणखी एक गोष्ट इन्साफाने सांगायला हवी. त्या संघाची मोठी लढत एका शहराच्या लीगमध्ये होती. बंगलोर, केरळ, गोवा, मुंबई यांचे आजच्यासारखे क्लब त्याला दर आठवड्याला भेटत नव्हते; बंगलोरचे चांगले खेळाडू तर त्याच्याच बाजूने खेळत होते. आणि ज्या मुलखातून तो खेळाडू वेचत होता, तो मुलूख १९४७ साली दुभंगला. पेशावर आणि क्वेट्टा पलीकडे गेले, ढाका पलीकडे गेले. तरीही १९४८ साली क्लबने लीग जिंकली. आम्हाला तर पाच सलग विजेतेपदांपेक्षा हे एक विजेतेपद मोठे वाटते, पण आमच्या घरात त्याचा उल्लेख क्वचितच होई.

नंतर दिवस पालटत गेले. लीग १९५७, १९६७, १९८१ अशी दहा-दहा, चौदा-चौदा वर्षांनी येऊ लागली. पुढची तर २०२१ साली, चाळीस वर्षांनी आली. तीही त्रिनिदादहून आलेल्या मार्कस जोसेफच्या गोलवर. २०२२ आणि २०२३ मध्येही लीग जिंकली. एप्रिल २०२४ मध्ये शिलाँगला जाऊन क्लबने आय-लीग जिंकली आणि देशाच्या सर्वांत वरच्या लीगचे दार उघडले. हे सगळे 'आपलं कोण आहे' असे ज्यांच्याबद्दल विचारले, त्याच प्रकारच्या टीमने केले होते.

मग शेवटचा नंबर का आला? खेळाडू कमी पडले, हे खरेच. पण मोसम अर्धा झाला आणि पगार थकल्याच्या बातम्या येऊ लागल्या. खेळाडूंनी सराव बंद ठेवला. ज्या रशियन प्रशिक्षकांनी आय-लीग जिंकून दिली होती, त्या आंद्रेई चेर्निशोव यांनी जानेवारी २०२५ मध्ये पगार मिळत नसल्याचे सांगून काम सोडले.

आम्ही ही बातमी अब्बांना वाचून दाखवली. अब्बांनी आयुष्यभर पगारावर घर चालवले आहे. गोदीचा संप, दुकानदाराची उधारी, ईदला शिवलेले एकाच कापडाचे सहा कुर्ते, हे सगळे त्यांनी पाहिले आहे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "परक्याच्या पोराला आपला शर्ट घालून पळवायचं आणि पैसे द्यायचे नाहीत?"

घाम वाळण्याआधी मजुराची मजुरी चुकती करावी, ही नबी (स.) यांची शिकवण आपल्या घरातले लहान मूलही सांगते. अब्बांनी तिचा उच्चार केला नाही. त्यांनी फक्त विचारले, "त्या दोन मॅच कोणी जिंकवल्या होत्या?"

मुलाला सगळे पाठ होते. पहिला विजय सप्टेंबरमध्ये चेन्नईत, १-०, गोल मिझोरामच्या लालरेमसांगाचा. दुसरा जानेवारीत बंगळुरूत, तोही १-०, सामना संपत आला असताना उझबेकिस्तानच्या मिरजालोल कासिमोवचा फ्री किकवरचा गोल. दोन्ही परक्या मैदानांवर. आणि दुसरा तर ज्या महिन्यात प्रशिक्षकांनी काम सोडले, त्याच महिन्यातला.

"ती दाखव," अब्बा म्हणाले. मुलाने बंगळुरूचा गोल लावला. अब्बांनी तो तीन वेळा पाहिला. तिसऱ्या वेळी म्हणाले, "जुम्मा खानच्या टीमला पगार वेळेवर मिळत असणार." खरे-खोटे आम्हाला माहीत नाही. पण आपल्या टीमबद्दल ते पहिल्यांदाच गोल सोडून दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलले, एवढे खरे.

आपल्या समाजात जुन्या वैभवाच्या गोष्टी कमी नाहीत. मशिदीच्या ओट्यावर, लग्नाच्या मांडवात, मासिकांच्या पानांतून आपण त्या सांगतो आणि सांगायलाही हव्यात. पण बहुतेक वेळा आपण त्या आजच्या मुलांना गप्प बसवायला वापरतो. 'ते बघा कसे होते' एवढे म्हटले की आपली जबाबदारी संपते. ते तसे कशामुळे होते, त्यांच्या मागे कोण उभे होते, आणि यांच्या मागे कोण उभे आहे, हे विचारले की बोट आपल्याकडे वळते. आमच्याकडे तर टेम्पोतच वळले होते.

गोलकीपरच्या घरी आम्ही जाऊन आलो. त्याची आई म्हणाली, "सर, बेकरी तो सोडू शकत नाही." आम्ही बेकरीच्या मालकांना भेटलो. ते भले गृहस्थ. आठवड्यातले दोन दिवस त्याला तासभर उशिरा येऊ देण्याचे त्यांनी मान्य केले. माफी आम्ही मुलाकडे वेगळी मागितली, तीही टीमसमोर, कारण बोललो होतो टीमसमोर. मुले अवघडली. मग त्यांच्यातला एक म्हणाला, "सर, बूट घेणार असाल तर माझा नंबर पाच." आणि सगळी हसली.

दहावीची परीक्षा देऊन गोलकीपर यंदा शाळेतून जाईल. बूट त्याच्या वेळेत झाले नाहीत, ही बोच आम्हाला राहणार. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा नवी टीम असेल. आम्ही माजी विद्यार्थ्यांना फोन करायला सुरुवात केली आहे. एका वहीत मुलांची नावे आणि समोर पायाचे नंबर लिहिले आहेत. चौदा नावे आहेत, आतापर्यंत नऊ जोड्यांचे पैसे जमले.

परवा वही पलंगावर राहिली होती. संध्याकाळी उघडली तर नवव्या नावापुढे अब्बांच्या थरथरत्या अक्षरात उर्दूत लिहिलेले दिसले, 'एक जोडी माझ्याकडून'. खाली कंस करून दादांचे नाव लिहिले होते.