पावसातला चषक

गोल्फच्या इतिहासात १९६३ हे साल भरगच्च आहे. तेवीस वर्षांच्या जॅक निकलसने मास्टर्सचं पहिलं हिरवं जाकीट घातलं. आर्नल्ड पामर एका मोसमात लाखावर डॉलरची बक्षिसं मिळवणारा पहिला खेळाडू ठरला. गोल्फची काठी मी जन्मात हातात धरलेली नाही, तरी हे साल माझ्या डोक्यात पक्कं बसलं आहे. कारण वेगळं आहे.

त्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत डर्बन कंट्री क्लबवर नाताळ ओपन झाली. (नाताळ हे प्रांताचं नाव.) ती जिंकली सेवसंकर सेवगोलमने. नाव मोठ्याने म्हणून पाहा, आत शिवशंकर ऐकू येतो. सगळे त्याला पापवा म्हणत. भारतीय वंशाचा, गरीब घरातला, व्यवसायाने कॅडी. ज्या उद्योजकाची पिशवी तो वाही, त्यानेच त्याला १९५९ साली युरोपात नेलं आणि पापवाने डच ओपन जिंकली. पुढच्या वर्षी पुन्हा.

त्याची पकड उलटी होती. उजव्या हाताने खेळणारा आपला फलंदाज बॅटच्या दांड्यावर डावा हात वर, उजवा खाली धरतो. गोल्फमध्येही तसंच. पापवा मात्र उजवा वर आणि डावा खाली धरून खेळे. शिकवायला कोणी नव्हतं, त्यामुळे चुकतंय असं सांगायलाही कोणी नव्हतं!

क्लबहाउसमध्ये गोरे खेळाडू होते. पापवाला आत जायची बंदी. पाऊस पडत होता आणि विजेत्याने चषक बाहेर, त्या पावसात स्वीकारला. ते छायाचित्र जगभर छापलं गेलं.

मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला राग आला, आणि खरं सांगायचं तर तो राग सोपा होता. गोरे तिकडचे, अपमान झालेला आपला. मग बाळू पालवणकर आठवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात हिंदूंच्या संघासाठी डावखुरी फिरकी टाकणारे बाळू. चहाच्या वेळी बाकीचे पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपांतून चहा पीत आणि बाळूंना तो बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात मिळे. त्याचं छायाचित्र कोणी काढलं नाही. तिथे आतही आपलेच होते, बाहेरही आपलाच.

तेव्हापासून पापवाकडे नुसतं अभिमानाने बघणं मला जमत नाही.

त्याच १९६३ च्या जुलैत तो इंग्लंडमध्ये ब्रिटिश ओपन खेळला आणि संयुक्त तेरावा आला. ती स्पर्धा जिंकली न्यूझीलंडच्या बॉब चार्ल्सने. डावखुऱ्या खेळाडूने मोठी स्पर्धा जिंकण्याची ती पहिलीच वेळ. १९६५ मध्ये पापवाने गॅरी प्लेअरला मागे टाकून नाताळ ओपन पुन्हा मिळवली. त्यानंतर सरकारने त्याला देशातल्या मोठ्या स्पर्धा बंद केल्या, पासपोर्टही काढून घेतला. १९७८ साली तो गेला. डर्बनमध्ये आता त्याच्या नावाचं गोल्फचं मैदान आहे.