हिअर वन, हिअर टू

२००१-०२च्या सुमारास, लिनक्सच्या २.४ कर्नलच्या दिवसांत, ड्रायव्हर कुठे अडकतोय हे कळायला हुकमी हत्यार एकच होतं: कर्नलमधून मेसेज छापणारा प्रिंटके. संशय येईल त्या ओळीखाली प्रिंटके घालायचा, कंपाइल करायचं, जुनं मॉड्यूल आरएममॉडने काढायचं, नवं इन्समॉडने चढवायचं. निघालं तर! बऱ्याचदा ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ असं उत्तर यायचं, नाहीतर कर्नलच ऊप्स देऊन आडवा व्हायचा. मग रीबूट. मशीन नीट बंद झालेलं नसल्यामुळे ईएक्सटी-टूचं एफएससीके, म्हणजे डिस्कतपासणी, सुरू. डिस्क मोठी असली तर तेवढ्यात खाली टपरीवर जाऊन चहा पिऊन यावं, तरी टक्के साठाच्या आसपासच रेंगाळलेले.

म्हणून टेबलावर मशीन दोन. एक लिहायचं, एक पाडायचं. पाडायच्या मशीनचे मेसेज यायला मध्ये नल मोडेम केबल, लिहायच्या मशीनवर मिनिकॉम, वेग ११५२०० बॉड. एका अक्षराला स्टार्ट-स्टॉप धरून दहा बिट, म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरं. ऐंशी अक्षरांची एक ओळ केबलमधून जायला सात मिलिसेकंद लागतात. माणसाला तेवढं जाणवतही नाही, पण इंटरप्ट हँडलरच्या हिशेबात तेवढ्यात जग इकडचं तिकडे होतं. त्यात जुना प्रिंटके ओळ पूर्ण बाहेर पडल्याशिवाय बहुधा पुढे सरकत नसे. गंमत तिथेच होती. दोन इंटरप्टांच्या शर्यतीतून येणारा बग प्रिंटके घातला की गायब, काढला की हजर. मग कुठल्या तरी फाइलमध्ये एखादा प्रिंटके कायमचा मुक्कामाला राही आणि त्याच्या डोक्यावर कॉमेंट असे: ‘काढू नका’. कॉमेंट इंग्रजीत, त्या ओळीला घातलेल्या शिव्या मात्र अस्सल मराठीत.

मेसेज तरी काय असायचे! ‘हिअर वन’, ‘हिअर टू’, नुसती पाच उद्गारचिन्हं, कुणाची इनिशियल्स. कर्नलचा लॉग, म्हणजे डीमेसेज, उघडलं की कुठली ओळ कुणाची हे हस्ताक्षरासारखं ओळखू यायचं. रिलीजच्या आदल्या संध्याकाळी ग्रेप मारून हे सगळं वेचून टाकायचं. जरा शिस्तीतली मंडळी रुबिनी आणि कॉर्बेट यांच्या ‘लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स’ या पुस्तकातला पीडीबग मॅक्रो उचलायची. मेकफाइलमधली एक ओळ बदलली की सगळे मेसेज चालू, पुन्हा बदलली की सगळे बंद. बंद म्हणजे बायनरीतून नाहीसेच. त्यामुळे ग्राहकाकडे पोचलेला ड्रायव्हर पूर्ण मुका असायचा. तिथे काही बिघडलं की डीबग बिल्ड पाठवायची, आणि डीबग बिल्डवर नेमका तो बिघाड दिसायचा नाही.

पुढे मधला एक काळ असा आला की मेसेज चालू करायचं प्रत्येक ड्रायव्हरचं बटण वेगळं. कुणाला ‘डीबग=१’ पुरायचं, कुणाला पातळीचा आकडा लागायचा. वेबकॅमच्या यूव्हीसीव्हिडिओला ‘ट्रेस’ नावाचा मास्क. ग्राफिक्सच्या डीआरएममध्ये १ म्हणजे गाभा, २ म्हणजे ड्रायव्हर, ४ म्हणजे मोडसेटिंग, हव्या त्यांची बेरीज करायची. कुठल्या मॉड्यूलला काय चालतं ते मॉडइन्फोला विचारायचं आणि त्याने दिलेलं अर्धवट वर्णन गोड मानून घ्यायचं.

रेड हॅटमधल्या जेसन बॅरनने केलेलं डायनॅमिक डीबग २००९मध्ये २.६.३० कर्नलमध्ये आलं आणि यातला बराचसा पसारा एका फाइलीत बसला. डीबगएफएस माउंट करून डायनॅमिक_डीबग फोल्डरमधली कंट्रोल फाइल कॅट करून बघा. एकेका ओळीत फाइलचं नाव, ओळ क्रमांक, चौकटी कंसात मॉड्यूल, फंक्शन, मग ‘=_’ आणि शेवटी मेसेज. कर्नलमधल्या प्रत्येक पीआर_डीबग आणि डेव्ह_डीबीजीची ही हजेरीच. त्याच फाइलीत ‘+पी’ची एक ओळ इको करायची, हवं तर अख्ख्या मॉड्यूलसाठी, हवं तर एकट्या ओळीसाठी. ‘=_’चं ‘=पी’ होतं आणि ती ओळ बोलू लागते. कंपाइल नाही, रीबूट नाही. मला सगळ्यात अप्रूप आहे ते पुढचं. स्टॅटिक की आल्यापासून बंद मेसेजच्या जागी प्रोसेसरला काहीच न करायला सांगणारी एक सूचना असते, आणि मेसेज चालू केला की कर्नल चालता चालता स्वतःच्याच कोडमध्ये तिथे उडी लिहितो. २.४च्या काळात असं कुणी बोलून दाखवलं असतं तर आम्ही त्याला घरी जाऊन झोप म्हटलं असतं.

आता टीममधली मुलगी व्हिडिओ कॉलवर ग्राहकाला एक ओळ पेस्ट करायला सांगते आणि पाच मिनिटांत लॉग हातात. परवा मात्र ती गोंधळली होती. “सर, प्लस पी केलंय, स्क्रीनवर काहीच येत नाहीये.” म्हटलं, “अगं, डीमेसेजमध्ये बघ. कन्सोलची पातळी सात आहे, म्हणजे सातच्या खालचेच तिथे दिसणार. डीबग स्वतःच सातवा.” होतं तिथेच.

तक्रार एकच आहे. आजची पोरं पहिल्या झटक्यात अख्खं मॉड्यूल चालू करतात आणि हजारो ओळींत शोधत बसतात. आम्ही कागदावर भांडायचो: प्रिंटके लॉक घ्यायच्या आधी टाकायचा की नंतर? चुकीच्या अंदाजाची किंमत एक एफएससीके होती, म्हणून भांडायला वेळ होता. तरी ते एफएससीके मी कुणाच्या वाट्याला येऊ देणार नाही.

सीरियल कन्सोल लावलेल्या बोर्डावर ते सात मिलिसेकंद आजही कुठे गेलेले नाहीत. शर्यतीचा बग ‘+पी’ केल्यावरही तसाच दडी मारतो. तिथे ट्रेस_प्रिंटके वापरावा. तो केबलच्या वाटेला न जाता एफट्रेसच्या मेमरीतल्या बफरमध्ये लिहितो, मग सावकाश वाचत बसा. मध्यंतरी मात्र एका ग्राहकाच्या बोर्डाची बूट लाइन पाहिली, तर तिच्यात ‘डायनडीबीजी’ला ‘+पी’ आणि लॉगलेव्हल आठ, दोन्ही कायमचे. का, असं विचारलं. उत्तर आलं, काढलं की टचस्क्रीन चालत नाही.