खाजकुइली आणि आबांची गोळी

शाळेत कुणाच्या बाकावर खाजकुइली टाकली आहे का? मी टाकली आहे, आणि मारही खाल्ला आहे. तीच खाजकुइली पुढे माझी शिकवणी घेईल असं मात्र वाटलं नव्हतं.

आमचं घर नायगावच्या बीडीडी चाळीत. आबा गिरणीत साचेखात्यात होते. तुटलेला धागा क्षणात सांधणारा त्यांचा हात एक दिवस बशीतला चहा सांडू लागला. 'वय झालं' म्हणून आम्ही सोडून दिलं. तो निघाला पार्किन्सन.

मेंदूतल्या पेशींत अल्फा-सिन्यूक्लिन नावाचं प्रथिन असतं. त्याची घडी चुकली की त्याच्या गुठळ्या होतात आणि डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. लेव्होडोपाची गोळी डोपामिन भरून काढते, पण गुठळ्या तशाच राहतात. म्हणजे गळक्या पिंपात वरून पाणी ओतायचं! गुठळ्यांना पकडणाऱ्या दोन अँटीबॉडींच्या चाचण्यांचे निकाल २०२२ साली प्रसिद्ध झाले. दोन्हींना मुख्य पेपरात केटी! संशोधन अजून चालूच आहे.

सुट्टीत घरी गेलो तर आजीने गावाहून खाजकुइलीच्या बियांची पूड मागवलेली. मी खो-खो हसलो. मग लायब्ररीत वाचलं आणि गप्प झालो. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी याच बियांतून लेव्होडोपा वेगळं काढलं होतं. १९७८ साली आपल्या मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सनच्या रुग्णांवर त्या बिया वापरून पाहिल्या होत्या.

पुडी घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "आजी चुकलेल्या नाहीत. पण गोळीत औषध मोजून असतं, पुडीत नाही. दोन्ही एकदम नको." मग त्यांनी विचारलं, "गोळी कधी देता?"

"जेवल्यावर. डाळभाताबरोबर."

इथे माझी दांडी उडाली. मळमळू नये म्हणून भिंतीवर 'जेवणानंतर' असा तक्ता मीच लावला होता. डाळीतलं प्रथिन पचून होणारी अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा, दोघांनाही आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला दार एकच. दादरला संध्याकाळी लोकलच्या दारात होतं तसंच! गोळी बाहेरच राहायची. दुपारी आबा खुर्चीत खिळून बसायचे, आणि आम्ही म्हणायचो, आजार वाढला. दोन वर्षं! आबा एका शब्दाने बोलले नाहीत. नातू इंजिनीअर होतोय, त्याने तक्ता लावलाय ना!

आता गोळी जेवणाआधी अर्धा तास. डाळ बंद नाही, फक्त वेळ बदलली. आजार गेला नाही, चहा अजून सांडतो. पण दुपारी आबा भिंत धरून, एकटे, व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन येतात.

रविवारी घरी फोन कराल तेव्हा पैसे जरूर मागा. पण घरात कुणाचा हात थरथरत असेल तर 'वय झालं' म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि गोळी चालू असेल तर ती कधी घ्यायची, तेही त्यांनाच विचारा. माझ्यासारखा तक्ता लावून मोकळे होऊ नका.