नेपल्सचा नाचरा फॉन

काळाचौकी, मुंबई

चि. सोनू,

शोकेसमधला तो नाचरा पुतळा कुठल्या देवाचा, असं तू विचारलंस. फोनवर सांगून भागणार नाही, म्हणून लिहिते.

तो फॉन, रोमन लोकांचा रानदेव. मागून बघशील तर छोटंसं शेपूट दिसेल. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली पाँपेई शहर गाडलं गेलं. तिथल्या एका मोठ्या वाड्यात 1830 साली याचा मूळ पुतळा सापडला आणि वाड्याला त्याचंच नाव पडलं. तोही जेमतेम 71 सेंटिमीटर उंचीचा आहे.

तुझे पणजोबा मालवाहू बोटीवर स्वयंपाकी होते. बोट नेपल्सला लागली तेव्हा त्यांनी ही प्रत घेतली. अठराव्या शतकात हा शौक इंग्रज सरदारांच्या पोरांचा होता. इटली बघून परतताना ते रोमच्या झोफोली, रिगेत्ती यांच्या कारखान्यांतून नावाजलेल्या पुतळ्यांच्या छोट्या ब्राँझ प्रती नेत. पुढे 1836 मध्ये पॅरिसच्या आशील कोला यांनी पुतळा हुबेहूब लहान आकारात उतरवणारं यंत्र काढलं. रेल्वे आणि आगबोटींनी साधी माणसंही प्रवासाला निघाली. नेपल्समध्ये 1870 साली क्यूरात्सींचा ओतकामाचा कारखाना उभा राहिला. त्यांनी संग्रहालयातल्या मूळ पुतळ्यांवरून साचे घेतले. रंगसुद्धा ठरलेले: पाँपेईच्या पुतळ्यांना हिरवट, त्याच उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियमच्या पुतळ्यांना काळपट. आपली प्रत कुणी ओतली, हे तिच्यावर कुठे कोरलेलं नाही.

तुझा बाबा तिला नुसती नक्कल म्हणतो. मला ते मुळीच पटत नाही. लालबाग-परळच्या कारखान्यांत एका साच्यातून कितीतरी गणपती निघतात, पण पाटावर बसवला तो आपलाच ना? आणि आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये मुलांचा हात बसला तो ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतींवरूनच. 'मंदिरपथगामिनी' घडवणारे गणपतराव म्हात्रे त्याच शाळेचे. प्रती नसत्या तर हे शिल्प ज्याला इटलीचं तिकीट परवडलं त्याच्यापुरतंच राहिलं असतं. पणजोबांनी ते आपल्या चाळीत आणलं, याचा मला फार अभिमान आहे.

पुढेमागे हा तुझ्याकडेच येईल. तेव्हा एक लक्षात ठेव: अंगावरची हिरवट छटा म्हणजे मळ नव्हे, ती कारागिरानं मुद्दाम चढवलेली आहे. चिंच किंवा भांड्यांची पावडर अजिबात लावू नकोस, मऊ कोरड्या फडक्यानं नुसती धूळ टिप.

आणि नाताळच्या सुट्टीत नेपल्सला जाच. तिथल्या पुराणवस्तू संग्रहालयात मूळ फॉन आहे. सगळ्या बाजूंनी नीट बघ आणि आपल्या प्रतीत काय काय सुटलंय ते मला सविस्तर लिही.

तुझी,
आत्या