बाळंतिणीचं पोट

सव्वा महिना उलटला तरी पोट उतरत नाही. "पट्टा कसून बांध, बाई," सासूबाई म्हणतात. नागपुरातल्या कुठल्याही घरातलं हे बोलणं. दोन घास खाल्ले की पोट गच्च, सारखी लघवीला, ओटीपोटात दुखरी ओढ. सगळं बाळंतपणाच्या खात्यावर जमा होतं. अंडाशयाच्या कर्करोगाची लक्षणंही हीच, म्हणून काळजी वाटते. या कर्करोगाचा इशारा देणारं रक्तातलं सीए-१२५ हे प्रथिन तर गरोदरपणातही वाढतं. खरी वाट सोनोग्राफी दाखवते.

नव्या आईला हा आजार क्वचितच होतो. झालाच, तर तरुण वयात ती गाठ कधी जननपेशींची निघते, आणि अशा गाठी औषधाला चांगली दाद देतात. १९७८ साली अमेरिकेत सिस्प्लॅटिन या औषधाला मान्यता मिळाली आणि पुढे या गाठींचं चित्रच पालटलं. वेळेत सापडलं तर अनेकींचं एकच अंडाशय काढून गर्भाशय राखता येतं. पुन्हा आई होण्याची वाटही उघडी राहते.

विदर्भातल्या बाईला आता उपचारांसाठी मुंबईच गाठावी लागते असं नाही. नागपुरात तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे.

पण केमो सुरू झाली की अंगावर पाजणं बंद. याबद्दल फार कमी बोललं जातं. छाती भरून येते, ब्लाउज ओला होतो, हातात सलाइनची सुई. बाहेर बाकावर आजी वाटी-चमच्यानं बाळाला दूध पाजते. बाळ चमचा जिभेनं ढकलतं, तोंड फिरवतं, पुन्हा शोधतं.