बुखारी, ऊन आणि एक डोकेदुखी

लेहला जायचं तर जूनमध्ये, असं कोणीही सांगेल. बाइक, पँगाँगचा निळाशार फोटो, वाफाळता थुक्पा, संपलं! आम्ही दोघी मात्र गेलो जानेवारीत. एक तर गर्दी नको होती, आणि दुसरं म्हणजे एवढ्या थंडीत तिथली माणसं राहतात तरी कशी, हे बघायचं होतं. ते एका रात्री जरा जास्तच जवळून कळलं.

दिल्लीहून सव्वा-दीड तासात विमान तुम्हाला थेट ३,५०० मीटरवर नेऊन सोडतं. हवेचा दाब मुंबईच्या साधारण दोन-तृतीयांश. त्यामुळे पहिले दोन दिवस डोकं दुखणार, मळमळणार, हे सगळे आधीच बजावून ठेवतात. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आमचा मुक्काम गावाबाहेरच्या एका घरात होता. घर दुमजली, ऐसपैस, पण हिवाळ्यात अख्खं कुटुंब एकाच खोलीत. तिथेच चूल, तिथेच जेवण, तिथेच टीव्ही, तिथेच झोप. बाकीच्या खोल्या सरळ बंद. आपण वन-रूम-किचनला वैतागतो, इथे आठ खोल्या असून लोक हौसेने वन-रूम-किचनमध्ये राहतात! पण त्यात हिशेब आहे. इथे जंगल नाही. ओढ्याकाठी लावलेली पॉप्लर आणि विलोची झाडं, वाळवलेलं शेण आणि खालून ट्रकने येणारं इंधन, एवढ्यावर हिवाळा काढायचा. गोठून फुटू नयेत म्हणून नळाचे पाइप रिकामे केलेले. पाणी बादलीनं.

आम्हाला दिलेली खोली नवी होती, सिमेंट ब्लॉकची. ‘दिखता अच्छा है, पर ठंडा है,’ घरच्या आमा-ले म्हणाल्या. (आमा म्हणजे आई, ‘ले’ म्हणजे आपलं ‘जी’.) जुन्या घराच्या जाडजूड मातीच्या भिंती दिवसभर ऊन पितात आणि रात्री हळूहळू सोडतात. पातळ सिमेंटची भिंत मात्र संध्याकाळी सहालाच हात वर करते. त्यामुळे खोलीत बुखारी. म्हणजे पत्र्याची उभी शेगडी आणि तिच्यातून निघून खिडकीबाहेर गेलेला धुराचा पाइप. खिडक्यांना प्लास्टिक ठोकलेलं, फक्त वरचा एक चौकोन उघडा. त्यातून अशी काही गार सुरी आत येत होती की विचारू नका. आमा-लेंनी दोन गोष्टी सांगितल्या: तो चौकोन बंद करायचा नाही, आणि झोपण्याआधी बुखारी विझू द्यायची.

मी काय केलं असेल? बरोबर. त्या भोकात माझा मफलर कोंबला, बुखारीत आणखी दोन ओंडके सरकवले आणि रजईत शिरले. एकदम कोझी!

रात्री अडीचला जाग आली ती घण घातल्यासारख्या डोक्याने. पोटात ढवळत होतं. मैत्रिणीचंही तेच. हाय ऑल्टिट्यूड, दुसरं काय! गोळी घेतली. मग टॉयलेटला जायला बाहेर पडले. लडाखी टॉयलेट घराला लागून पण वेगळं, खाली मातीचा खड्डा. त्या उणे पंधरात पाच मिनिटं काढली आणि लक्षात आलं, डोकं हलकं झालंय. खोलीत परतले, पुन्हा घण. आता उंची काही दहा पावलांत बदलत नाही ना! तेव्हा ट्यूब पेटली.

मैत्रिणीला ओढत बाहेर काढलं आणि आमा-लेंना हाका मारल्या. त्यांनी आत जाऊन पहिला मफलर उपटला, मग सगळी दारं सताड उघडली, आणि मग आमच्यावर आवाज चढवला. योग्यच होता. बुखारीला जळायला खोलीतलीच हवा लागते. ती कमी पडली, पाइप तुंबला की कार्बन मोनॉक्साइड होतो. वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून घट्ट चिकटतो. आणि त्याची सुरुवातीची लक्षणं म्हणजे डोकेदुखी, मळमळ, गरगरणं. विमानातून उतरलेला पाहुणा ती उंचीच्या नावावर लिहून पुन्हा झोपतो. काही जण उठत नाहीत. हिवाळ्यात थंड प्रदेशांतून अशा बातम्या येत राहतात.

सकाळी आमा-लेंच्या मुलाने, नोनोने, पाइपचे सांधे सोडवले. कोपऱ्यातल्या वळणात ओंजळभर काजळी. ती काठीने ठोकून काढली, वाऱ्याने वाकलेली वरची टोपी सरळ केली आणि सांध्यांना ओली माती लिंपली. अर्ध्या तासाचं काम, खर्च शून्य.

खरी दुरुस्ती शेजारच्या जुन्या खोलीत चालली होती. दक्षिणेची मातीची भिंत बाहेरून काळी रंगवलेली, तिच्यापुढे चार बोटं जागा सोडून काच. भिंतीत वर आणि खाली झरोके. उन्हाने मधली हवा तापते, वरच्या झरोक्यातून आत येते, खोलीतली गार हवा खालून बाहेर जाते. सूर्य मावळला की झरोके बंद, मग भिंतच रात्रभर ऊब देते. याला ट्रॉम्ब वॉल म्हणतात. फ्रान्सच्या फेलिक्स ट्रॉम्ब यांनी १९६७ मध्ये पिरेनीजमधल्या ओदेयोला असं घर उभं केलं, त्यावरून हे नाव. तशी अशा भिंतीचं पेटंट अमेरिकेत एडवर्ड मोर्स यांनी १८८१ मध्येच घेतलं होतं. लडाखला ती शोभते, कारण इथे थंडी कडक असली तरी ऊन भरपूर. फेला सेकमोल ही शाळा आहे, तिच्या मातीच्या इमारती अशाच उन्हावर उबदार राहतात. आम्ही तिथे स्वेटर काढून बसलो.

पण गंमत अशी की ट्रॉम्ब वॉलच्या खोलीची फट न् फट बुजवावी लागते, तर बुखारीच्या खोलीत फट ठेवावीच लागते. नोनो म्हणाला, लोक प्लास्टिक लावतात, काच लावतात आणि आत बुखारीही तशीच पेटवतात. अर्धं नवं, अर्धं जुनं. ‘वही सबसे खतरनाक.’

शेवटच्या दोन रात्री आम्ही जुन्या खोलीत झोपलो. बुखारी नाहीच. पहाटे घड्याळातल्या थर्मामीटरने नऊ डिग्री दाखवले. पुण्याच्या मानाने कुडकुडणं, बाहेरच्या मानाने चैन. मफलर गळ्यात होता.